हेरगिरीचा मुकादम

गोदाकाठच्या माणसाला पाळत काय असते हे शिकवायची गरज नाही. वाळूचा धंदा जिथं जिथं चालतो तिथं ‘लोकेशन’वाली पोरं असतातच, तहसीलसमोरच्या टपरीवर दिवसभर बसायचं, साहेबांची गाडी गेटातून निघाली की ग्रुपवर टाकायचं, ती कुठं वळली ते पुढच्या फाट्यावरचा पोरगा टाकणार, आणि पथक नदीत उतरेपर्यंत तिथं ना हायवा ना जेसीबी, नुसते टायरचे वळ आणि पाण्यानं भरलेले खड्डे. त्या पोराला विचारा, तो ड्यूटीवर आहे म्हणतो. मालक कोण ते त्याला नीट माहीत नसतं, पैसे कोण देतो तेवढंच माहीत असतं.

यात नवीन काही नाही, पेपरात पण येऊन गेलंय. मला नवीन कळलं ते असं की हेच काम कंपन्या पर्यावरणवाल्या लोकांवर करतात, इथं तिथं नाही तर जगभर, आणि त्यासाठी रीतसर फर्म आहेत, त्यांची ऑफिसं आहेत, वेबसाइटी आहेत, टाय घातलेले रिटायर्ड पोलीस आणि मिलिटरीवाले आहेत आणि दर महिन्याला बिल जातं.

आधी आमचं सांगतो म्हणजे मी हे वाचायला कशापायी बसलो ते कळेल. माझं तहसीलजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. माहितीच्या अधिकाराचे अर्ज, निवेदनं, तक्रारी, उपोषणाची नोटीस, सगळं माझ्या हाताखालून जातं. आमच्या भागात एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचं मळीचं पाणी ओढ्याला सोडतात अशी तक्रार आहे. विहिरींचं पाणी तांबडं-काळपट झालंय, मोटर चालू केली की फेस येतो, आणि वास असा की लेक माहेरी आली तरी लेकरं रडायला लागली म्हणून मुक्काम न करता परत जायली. कारखान्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण प्रदूषण मंडळाकडं आहे आणि मला इथंच दुकान चालवायचंय.

तर गावच्या लोकांनी समिती केली. आणि समिती केल्यापासून एक गंमत सुरू झाली, मंडळाचे साहेब सॅम्पल घ्यायला येणार म्हटलं की आदल्या रात्रीपासून ओढा एकदम निर्मळ, साहेब गाडीत बसून गेले की दोन दिवसांत परत फेस. आता ही बातमी मंडळाच्या ऑफिसातूनच फुटत असेल हे कुणालाही कळतं, पण गावात पहिला प्रश्न हाच पडला की आपल्यातलं कोण सांगतंय?

त्याच दिवसांत एक चॅनेलवाला आला. आमच्याकडं आता प्रत्येक तालुक्यात यूट्यूब चॅनेल झालेत, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. ट्रायपॉड, माईक, गळ्यात कार्ड, बोलायला लई गोड, संभाजीनगरहून आलोय म्हणाला, शेतकऱ्याच्याच घरचा आहे म्हणाला. सरपंचाच्या भावाच्या घरी जेवला. ओढ्याचं शूटिंग पाच-दहा मिनिटांत उरकलं आणि मग ओट्यावर बसून गप्पा. समितीत मेन माणूस कोण, वकील कोण आहे, त्यांची फी कोण भरायलंय, मागं कोणता पक्ष आहे का, रास्ता रोको कधी करायचं ठरलंय, पोरं किती येतील. पाण्याबद्दल त्यानं जेवढं विचारलं त्याच्या दहापट माणसांबद्दल विचारलं. व्हिडिओ काही आजपर्यंत आला नाही, नंबर लागत नाही. आणि पुढं कारखान्यावर चर्चेला बोलावलं तेव्हा तिथले एक अधिकारी हसत हसत म्हणाले, वकिलाच्या फीसाठी तुम्ही सोयाबीन विकल्यावर पट्टी काढायलात म्हणे. हे त्या ओट्याशिवाय दुसरीकडं कुठं बोललेलं नव्हतं.

पुरावा काही नाही. कोर्टात टिकेल असं काहीच नाही. पण मी त्या दिवसापासून रात्री शटर ओढल्यावर मोबाईलवर वाचत बसायला लागलो, आणि बघतो तर काय, कॅमेरा घेऊन येणारा माणूस ही या धंद्यातली जुनीच पद्धत.

जर्मनीतल्या म्युनिकचा एक डॉक्युमेंटरीवाला होता, मानफ्रेड श्लिकेनरीडर. डाव्या चळवळीत वावरणारा, ग्रीनपीस या पर्यावरणवाल्या संघटनेच्या लोकांत उठबस असणारा, कुणी दार लावून घेतलं नाही. २००१ मध्ये लंडनच्या संडे टाइम्सनं छापलं की हा माणूस हकलूट नावाच्या फर्मसाठी माहिती गोळा करत होता, आणि फर्मचे गिऱ्हाईक होते शेल आणि बीपी या तेल कंपन्या. हकलूट कुणी काढली, तर ब्रिटनच्या एमआय-६ या गुप्तहेर खात्यातून बाहेर पडलेल्यांनी. सरकारी नोकरीत शिकलेला हात रिटायर झाल्यावर बाजारात विकायला आणला, एवढंच.

दुसरा रॉबर्ट मूर. हे वाचताना मी चक्क वर बघितलं, कारण माझ्या दुकानावर पण सिमेंटचेच पत्रे आहेत. आपल्या गोठ्यावर, शाळांवर, दुकानांवर जे सिमेंटचे पत्रे असतात त्यात अॅस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसात गेली की कॅन्सर होऊ शकतो आणि तो वीस-तीस वर्षांनी पण दिसू शकतो, साठाहून जास्त देशांनी त्यावर बंदी घातलीये, आपल्याकडं अजून चालू आहे. तर ही बंदी मागणाऱ्या लोकांमध्ये हा मूर २०१२ पासून २०१६ पर्यंत डॉक्युमेंटरी करतो म्हणून फिरत होता, कॉन्फरन्सला जायचा, लोकांच्या घरी जायचा, मेलवर सल्ले द्यायचा. प्रत्यक्षात त्याला पगार देत होती के-टू इंटेलिजन्स नावाची फर्म, आणि तिच्या मागं होता अॅस्बेस्टॉसच्या धंद्यातला पैसा. ज्यांना फसवलं ते लंडनच्या हायकोर्टात गेले आणि २०१८ मध्ये फर्मनं भरपाई देऊन प्रकरण मिटवलं. चार वर्षं! चार वर्षं एखादा माणूस तुमच्या कॅन्सरच्या पेशंटांच्या गोष्टी ऐकून डोळे पुसतो आणि रात्री त्याचाच रिपोर्ट टाइप करून पाठवतो, याला काय काळीज लागत असेल माहीत नाही. आमचा चॅनेलवाला त्या मानानं एकाच जेवणावर गेला.

तुम्ही म्हणाल हे सगळं गोऱ्यांचं, आपला काय संबंध. मग दिल्लीचं ऐका.

पश्चिम दिल्लीत एका शॉपिंग कॉम्प्लेक्समध्ये बंद पडलेल्या चहाच्या टपरीच्या वर एक छोटी खोली, तिथून बेलट्रॉक्स नावाची कंपनी चालायची. जून २०२० मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं ते छापलं आणि टोरांटोच्या सिटिझन लॅब या संस्थेनं सगळा तपास बाहेर काढला. या खोलीतून जगभरच्या हजारो लोकांना खोट्या मेल जायच्या, गूगलची, ड्रॉपबॉक्सची, फेसबुकची हुबेहूब पानं बनवायची, ओळखीच्या माणसाच्या नावानं लिंक पाठवायची, समोरच्यानं पासवर्ड टाकला की संपलं. आपल्याकडं लाइटबिल भरलं नाही, आज रात्री कनेक्शन कट होणार असा जो मेसेज येतो ना, जात तीच, फक्त अभ्यास करून केलेली. आणि या लोकांच्या यादीत कोण होतं, तर अमेरिकेतल्या त्या संस्था ज्या म्हणत होत्या की एक्सॉन कंपनीला हवामान बदलाबद्दल कित्येक वर्षं आधीच माहीत होतं आणि तिनं ते दाबलं. ग्रीनपीस, ३५०.ऑर्ग, रॉकफेलर फॅमिली फंड वगैरे. म्हणजे न्यूयॉर्कमधल्या माणसांची मेल फोडायचं काम दिल्लीतल्या टपरीवरच्या खोलीत. एक्सॉनचं म्हणणं, आमचा याच्याशी काही संबंध नाही. कंपनीवर त्याबद्दल गुन्हा पण दाखल झालेला नाही. पकडला कोण गेला, तर मधला माणूस. अविराम अझारी नावाचा इस्रायली खासगी डिटेक्टिव्ह, त्याला न्यूयॉर्कच्या कोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ८० महिन्यांची शिक्षा दिली. त्याला काम देणारं कोण, ते त्या शिक्षेतून बाहेर आलंच नाही.

इथं माझ्या डोक्यात लाइट लागली, कारण बीडच्या माणसाला ही रचना कुणी समजावून सांगायची गरजच नाही. हा ऊसतोडीचा मुकादम आहे! कारखाना उचल देतो मुकादमाला, मुकादम गावोगाव फिरून कोयते गोळा करतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कारखान्याच्या रजिस्टरला त्या कोयत्याचं नाव नसतं. फडात साप चावला, ट्रॅक्टर पलटी झाला, बाई उसातच बाळंत झाली, कारखाना म्हणणार आमचा व्यवहार मुकादमाशी, तुमचं तुम्ही बघा. हेरगिरीचं डिट्टो हेच. कंपनी काम देते वकिलाच्या फर्मला नाहीतर पीआरवाल्याला, तो देतो रिस्क कन्सल्टन्सीला, ती देते डिटेक्टिव्हला, तो देतो एखाद्या कॉम्प्युटरवाल्या पोराला नाहीतर ट्रायपॉडवाल्याला. प्रत्येक पायरीला एक खाली हात. पकडला गेला तर पोरगा, लई झालं तर मुकादम. उसाचे पैसे ज्याच्या खात्यात पडतात त्याच्या शर्टाला चिखल लागत नाही.

फ्रान्समध्ये एकदा तर वरपर्यंत जाता जाता राहिलं. ईडीएफ ही तिथली अणुवीज बनवणारी मोठी सरकारी कंपनी, तिनं नेमलेल्या कार्गस नावाच्या फर्मनं २००६ मध्ये ग्रीनपीसच्या एका नेत्याचा कॉम्प्युटर हॅक केला होता, २०११ मध्ये कोर्टानं थेट कंपनीलाच १५ लाख युरो दंड ठोकला. लोक खूष. २०१३ मध्ये अपिलात कंपनी सुटली.

आता दुसरी गोष्ट, जी मला पहिलीपेक्षा जास्त भीतीदायक वाटते. मुकादमाला सीझन लांबला पाहिजे असतो. ज्या फर्मचं बिल दर महिन्याला निघतं तिनं जर रिपोर्टमध्ये लिहिलं की साहेब, ही साधी माणसं आहेत, पाणी स्वच्छ मागतात, भजनं म्हणतात, संध्याकाळी घरी जातात, तर पुढच्या महिन्याचा ठेका गेला. त्यामुळं रिपोर्ट भडक लागतो, त्यात कट लागतो, परदेशी पैसा लागतो, मास्टरमाइंड लागतो.

अमेरिकेत २०१६ मध्ये नॉर्थ डकोटात स्टँडिंग रॉकच्या आदिवासी लोकांनी तेलाच्या पाइपलाइनला विरोध केला, त्यांचं म्हणणं साधं, पाइप आमच्या पिण्याच्या पाण्याखालून नेऊ नका. ३ सप्टेंबरला सिक्युरिटीवाल्यांनी आंदोलकांच्या अंगावर कुत्री घातली, त्याचे व्हिडिओ जगभर गेले, त्यानंतर पाइपलाइनच्या कंपनीनं, एनर्जी ट्रान्सफर नाव तिचं, टायगरस्वॉन नावाची फर्म आणली. फर्म काढणारा अमेरिकन कमांडोतून रिटायर झालेला, फर्मची कामं आधी इराक-अफगाणिस्तानात. मे २०१७ मध्ये द इंटरसेप्ट या बातम्यांच्या वेबसाइटनं त्यांचे शंभरावर आतले कागद बाहेर काढले. त्यात या आंदोलनाला काय म्हटलंय? ‘जिहादी’ बंडाचा नमुना! नदीकाठी तंबू ठोकून प्रार्थना करणारी, शेकोटीभोवती ढोल वाजवणारी माणसं, आणि वर हेलिकॉप्टरमधून शूटिंग, आत खबरे, फेसबुकवर नजर, आणि पोलिसांना ब्रिफिंग. ज्याच्याकडं फक्त हातोडा विकायला आहे तो खिळेच दाखवणार, बाकी काय.

आणि गंमत म्हणजे या फर्मकडं त्या राज्याचं सिक्युरिटीचं लायसन पण नव्हतं. राज्याच्या लायसन बोर्डानं केस केली, ती २०२० मध्ये १ लाख ७५ हजार डॉलरवर मिटली. याउलट मार्च २०२५ मध्ये त्याच राज्यातल्या ज्युरीनं, या आंदोलनावरून कंपनीनं ग्रीनपीसवर केलेल्या केसमध्ये, ग्रीनपीसनं पाइपलाइन कंपनीला ६६ कोटी डॉलरपेक्षा जास्त द्यावेत असा निकाल दिला, नंतर न्यायाधीशांनी ती रक्कम जवळपास निम्म्यावर आणली. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा, मी काही बोलत नाही.

सगळ्यात जवळचं उदाहरण भोपाळचं. डिसेंबर १९८४, युनियन कार्बाइड, गॅस, ते सगळ्यांना माहीत आहे. कार्बाइड कंपनी २००१ मध्ये डाऊ केमिकलनं घेतली. फेब्रुवारी २०१२ मध्ये गुप्त कागद बाहेर काढणाऱ्या विकिलीक्सनं स्ट्रॅटफॉर नावाच्या टेक्सासच्या फर्मच्या पन्नास लाखांवर मेल बाहेर टाकायला सुरुवात केली, त्यात निघालं की डाऊसाठी ही फर्म भोपाळच्या लोकांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांवर नजर ठेवत होती. कुठं धरणं झालं, कोण बोललं, कुणी कोणता व्हिडिओ टाकला. गॅसनं डोळे गेलेली म्हातारी माणसं, न्याय मागता मागता थकलेली, आणि त्यांच्या कार्यक्रमांची नोंद अमेरिकेत बसून पगारी माणसं ठेवायलेत. त्यातली बरीच माहिती तर कुणालाही इंटरनेटवर मिळाली असती. म्हणजे गुपित असं काही नव्हतंच, तरी बिल चालू.

यावरून आमच्या समितीतले एक मामा म्हणाले ते मला पटलं, “आपल्याकडं लपवायसारखं हाय काय? विहीर उघडी, ओढा उघडा, आपण उघडे.” बरोबर आहे. माहिती गेल्यानं आमचं फार काही गेलं नाही. गेलं ते दुसरंच.

लंडनमध्ये ऐंशीच्या दशकात एक छोटासा ग्रुप होता, लंडन ग्रीनपीस, मोठ्या ग्रीनपीसशी संबंध नसलेला, मूठभर माणसं. त्यांनी मॅकडॉनल्ड्सविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून कंपनीनं त्यांच्यात खासगी गुप्तहेर घुसवले, एका नाही तर दोन एजन्सीचे, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. त्यामुळं एकीचे हेर दुसरीच्या हेरांचे रिपोर्ट लिहीत बसायचे. काही बैठकांना तर खऱ्या माणसांइतकेच हेर असायचे, पत्रकं पण वाटायचे, पत्रांना उत्तरं पण द्यायचे. हे सगळं नंतर खटल्यात बाहेर आलं, खटला १९९४ ते १९९७ चालला, इंग्लंडच्या इतिहासातला सगळ्यात लांब, आणि त्यातल्या एका हेर बाईनं चक्क आंदोलकांच्या बाजूनं साक्ष दिली. वाचताना मला हसू आवरेना. आणखी एक, २००७-०८ मध्ये विमानतळ वाढवायला विरोध करणारी प्लेन स्टुपिड नावाची पोरं होती, त्यांच्यात सी-टू-आय नावाच्या फर्मचा पोरगा घुसला. तो कशावरून सापडला? बैठकीला सगळ्यांच्या आधी हजर असायचा, आणि सारखं काहीतरी अजून धाडसी करू म्हणून मागं लागायचा. आमच्या समितीत वेळेवर येणाऱ्याला पकडायचं ठरवलं तर एकही हेर सापडणार नाही, अकराची बैठक एकला सुरू होते. पण दुसरी खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जो गावात कधी दिसला नाही आणि आल्या आल्या टायर जाळू, गेट तोडू म्हणतो, त्याला चहा द्या, माईक देऊ नका.

हसण्यावारी नेलं खरं, पण ओट्यावरचं बोलणं बाहेर फुटल्यावर आमच्यात काय झालं ते ऐका. चॅनेलवाला गेला निघून, तो काही सापडणार नव्हता, मग राग काढायला जवळचा माणूस पाहिजे. समितीतल्या एकाचा पुतण्या कारखान्याच्या वजनकाट्यावर सीझनला कामाला आहे, चांगला शिकलेला पोरगा, ओढ्याचे पहिले फोटो यानंच काढले होते. कुणीतरी कुजबुजलं, काट्यावरचा आहे, तोच सांगत असणार. झालं. त्याला ग्रुपमधून काढला. त्याच्या चुलत्यानं बैठकीला यायचं सोडलं. चुलत्याच्या भावकीतली चार घरं गप्प झाली. कुणी काही सिद्ध केलं नाही, कुणी त्या पोराला समोर बसवून विचारलं पण नाही. ज्यानं कुणी त्या ट्रायपॉडवाल्याला पैसे दिले असतील त्याचे पैसे त्या दिवशी वसूल झाले. आमच्या आजोबांच्या पिढीनं निजामाच्या राज्यात खबऱ्यांचं दुखणं भोगलंय, म्हातारे सांगायचे, खबऱ्यानं जेवढी माणसं धरून दिली नसतील तेवढी घरं ‘हा खबऱ्या असंल’ या बोलण्यानं मोडली.

कायदा काय म्हणतो ते पण बघितलं, वकीलसाहेबांना विचारून. एटीएमपाशी जो गार्ड उभा असतो, रात्रभर खुर्चीत, त्याची एजन्सी खासगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५ खाली येते, तिला लायसन लागतं, गार्डचं पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, ट्रेनिंग लागतं. प्रत्यक्षात किती होतं सोडा, पण कागदावर आहे. आणि जो तुमच्या मागं फिरतो, तुमचे फोटो काढतो, तुमची माहिती विकतो, त्या डिटेक्टिव्हसाठी? २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, कायदा झालाच नाही. म्हणजे दारात उभं राहायला लायसन आणि घरात डोकवायला काही नको. मेल फोडली, फोन टॅप केला तर गुन्हा आहे, पण ओट्यावर बसून गोड बोलून विचारलं तर कोणतं कलम लावणार?

आमच्या बीड-धाराशिवकडं पवनचक्कीच्या कामांवर बाउन्सर उभे असतात ते लोकांनी बघितलेत. काळे टी-शर्ट, दंड फुगवलेले, शेतकरी मोबदला विचारायला गेला की समोर हे. पण बाउन्सर निदान दिसतो तरी. मला आता न दिसणाऱ्याची जास्त धास्ती वाटते. ऑस्ट्रेलियात अदानींच्या कोळसा खाणीला विरोध करणारा एक ब्रिस्बेनचा कार्यकर्ता आहे, कंपनीनं त्याच्यामागं डिटेक्टिव्ह लावला, आणि २०२० मध्ये कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलं की तो आपल्या लहान मुलीला शाळेत सोडायला चालत जायचा तेव्हा पण त्याच्यावर पाळत होती. कंपनीनं त्याच्या घराची झडती घ्यायची परवानगी मागितली होती, ती कोर्टानं दिली नाही, अपिलात पण दिली नाही. तिथं निदान हे कागदावर तरी आलं. आपल्याकडं कोणता कागद?

तर एक कागद आहे. आणि तो सुचला दुसऱ्या कुणाला नाही, त्या मामांनाच. आमचा कारखाना सहकारी आहे. म्हणजे ज्यांच्या विहिरी नासल्या त्यातले निम्मे सभासद आहेत, त्यांचे शेअर आहेत, त्यांच्याच उसाच्या बिलातून कपाती होतात. म्हणजे उद्या खरंच कुणाला ठेका दिला असेल तर त्या ट्रायपॉडवाल्याचा पेट्रोलचा खर्च पण आमच्याच उसातून गेलाय! मामा म्हणाले, “आपल्यावर नजर ठेवायला आपलेच पैसे, मग हिशेब तरी दाखवा म्हणावं.” सप्टेंबरात वार्षिक सभा असते. ती कशी होते माहितीये, स्टेजवरून विषय वाचायचा, पुढच्या रांगेतले बसवलेले लोक ‘मंजूर, मंजूर’ ओरडणार, प्रश्न विचारायला उठलेल्याचा माईक बंद पडणार, आणि अर्ध्या तासात जेवणाच्या पंगती. म्हणून सभेत उठून बोलायच्या आधी लेखी मागायचं ठरलंय. सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सभासदाला कागदपत्रं बघायचा हक्क आहे. अहवालात सिक्युरिटीचा खर्च एका ओळीत असतो, ‘व्यावसायिक सल्ला फी’ दुसऱ्या ओळीत, आणि मग ‘इतर खर्च’, ज्यात काहीही बसतं. या तीन ओळींमागची बिलं दाखवा, कोणत्या एजन्सीला, कोणत्या कामासाठी, एवढंच मागणं आहे.

अर्ज मीच टाइप केलाय. पण सह्या अडल्यात. काट्यावरच्या पोराचा चुलता जुना सभासद आहे, त्याची सही आली की त्याच्या भावकीच्या सगळ्या येतात, आणि त्यानं अट घातलीये की आधी माझ्या पुतण्याला बैठकीला बोलवा, सगळ्यांसमोर त्याच्याशी बोला, मग पेन द्या. समितीत दोघं अजून नाही म्हणायलेत. बैठक गुरुवारी आहे.